कालव्याखालची विहीर

इंद्रभानच्या पोटात दुखायला लागलं ते नकाशा पाहिल्यापासून. खामगावच्या बाहेर गुलाबरावांची नवी वसाहत उभी राहत होती. ऐंशी बंगले, मधोमध तळं आणि प्रत्येक बंगल्याच्या मागच्या दाराशी कालवा. जिथे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथे लोक आता घरामागचं पाणी बघत चहा पिणार होते. आणि हे सगळं आखलं होतं अनुपमानं. शिकायला पुण्याला जाण्याआधी दोन वर्षं इंद्रभानच्याच ऑफिसात टेप धरून उभी राहायची, त्या अनुपमानं.

तीस वर्षांत इंद्रभाननं शेकड्यानं शेततळी आखली होती. पाणी कुठे थांबेल आणि कुठे मुरेल, हे तो माती चिमटीत घेऊन सांगायचा. ‘इंद्रभानभाऊनं सांगतलं न? मंग मोजायची गरज नाही,’ असं लोक म्हणत, आणि ते ऐकून त्याला मूठभर मांस चढे. हे तळं आपल्याकडेच येणार असं तो धरूनच चालला होता. गुलाबरावांनी त्याला बोलावलं, चहा पाजला आणि गोड बोलून वाटेला लावलं.

“भाऊ, शेततळं अलग न हे अलग. लोकायले फिराले रस्ता पाह्यजे, बोट पाह्यजे. पोरगी पुण्याहून शिकून आली. तुमी आखणीवर लक्ष ठेवा, बस.”

म्हणजे पोरीनं रेघा काढायच्या आणि यानं त्यांच्यावर चुना टाकत फिरायचं. शिष्याकडून हरण्यात गुरूला आनंद वाटतो म्हणतात. ज्यानं हे म्हणून ठेवलं, त्याचा शिष्य बहुधा दुसऱ्या गावात काम करत असावा.

खोट सापडेल म्हणून इंद्रभान रोज नकाशा घेऊन बसे आणि रोज जास्तच जळे. छपरांवरचं पावसाचं पाणी तिनं तळ्यात उतरवलं होतं. सांडपाणी शुद्ध करून कालव्यात फिरवलं होतं, आणि ते एका जागी साचून कुजू नये इतकाच उतार दिला होता. तळाला प्लास्टिक न अंथरता काळ्या मातीचे थर, ओले करून रोलरनं दाबलेले. हे शेवटचं तर त्यानंच तिला शिकवलेलं, आणि तेही तिनं त्याच्यापेक्षा नीट केलं होतं!

“काही खास नाही,” जेवताना तो बायकोला म्हणाला.

“मंग रोज काऊन पाहून राह्यले तुमी?” सत्यभामाबाई भाकरी वाढत म्हणाल्या.

एका दुपारी अनुपमा वही घेऊन त्याच्याकडे आली. “सर, कालव्याच्या पूर्वेच्या वळणाखाली कुठी जुनी विहीर होती का हो?”

ही सवयही त्याचीच. खोदकामाआधी जाणत्या माणसाला तीन गोष्टी विचारायच्या: विहीर कुठे होती, पाणी कुठे साचायचं, बैल कुठे रुतायचे. आणि सांगणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं. जमिनीचे जुने मालक रामराव वारले होते, त्यांची मुलं जमीन विकून लांब गेली होती. जाणता माणूस एकच उरला होता, आणि ती त्याच्याच समोर उभी होती.

विहीर होती. नेमकी वळणाखाली. बावीस वर्षांपूर्वी रामरावांच्या सांगण्यावरून इंद्रभाननंच उभं राहून ती बुजवली होती. दगड, कपाशीची वाळकी पऱ्हाटी, कचरा, हाताला येईल ते आत टाकलं होतं आणि वरून जाड माती लोटली होती. वर पाण्याचा भार आला की ती भर खाली बसणार आणि काळी माती तिच्यामागे जाणार, हे त्याला लख्ख दिसत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “तिथं विहीर नव्हती.”

“पक्कं न सर?”

“मले विचारून राह्यली न तू?”

“हाव सर. मंग मोजायची गरज नाही.” ती हसली आणि तिनं लिहिलं: विहीर नाही. सांगणारे, इंद्रभान सर.

पुढचे दोन महिने तो रोज स्वतःला म्हणे, उद्या सांगू. पण लोक तिच्या कामाची वाहवा करायचे आणि उद्याचा परवा व्हायचा. त्याला फार काही नको होतं. चारचौघांत एकदा, फक्त एकदा, तिचं पाणी आटलेलं बघायचं होतं.

पाणी भरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी पूजा झाली, नारळ फुटला, बंगले घेणारे बायका-पोरांसह काठावर उभे राहिले. तेवढ्यात पूर्वेच्या वळणावर बुडबुडे आले. मग पाणी गोल फिरायला लागलं. काठाची हिरवळ खचली, आणि तासाभरात वळणावर चिखलाचा खड्डा तेवढा उरला. पाहुणे आपसात कुजबुजत गाड्यांकडे निघाले.

गुलाबराव खड्ड्यात वाकून पाहत होते. आत बांधीव विहिरीचं गोल तोंड उघडं पडलं होतं. “विहीर हाय इथं! नाही म्हणून कोण म्हणलं तुले?”

अनुपमानं वही उघडली. विहिरीचं पान शोधलं. एकदा इंद्रभानकडे पाहिलं आणि वही मिटली.

“चूक माही हाय, साहेब. मी एकाच माणसाले विचारलं. खोदून पाहाले पाह्यजे होतं.”

इंद्रभाननं सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. उलट त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तळं तिचं, कालवा तिचा, आणि आता मनाचा मोठेपणाही तिचाच? याच्यासाठी काहीच शिल्लक ठेवायचं नाही असं ठरवलंय की काय हिनं?

“तिनं मले विचारलं होतं,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “विहीर मीच बुजवली होती. मले याद होतं. मी खोटं बोललो.”

अनुपमानं पुन्हा वही उघडली आणि पेन काढलं.

“किती खोल होती, सर?”

“साठ फूट. तळाले दगड, वरतं पऱ्हाटी.”

पेन कागदावर टेकलं होतं. आता ती आकडा लिहील आणि पुढे ‘इंद्रभान सर’ असं लिहील, म्हणून इंद्रभान सवयीनं वाट पाहत राहिला. अनुपमानं पेनाला टोपण लावलं आणि पोकलेनवाल्याला हाक मारली.

“भाऊ, इथं खोदा. किती खोल हाय ते मोजून पाहू, मंग लिहू.”