गिरणीच्या सुरातली गिटार

तेजस्विनीने सतराव्यांदा रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि नेमका त्याच क्षणी खालून भाजीवाला ओरडला, "लसूऽऽण, गावठी लसूण!" गाण्यात लसूण चालत नाही. तिने कपाळावर हात मारून घेतला, मोबाईल पुन्हा कपाटातल्या आईच्या साड्यांवर आडवा ठेवला आणि अठराव्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. साड्यांमुळे आवाज घुमत नाही, हा शोध तिचा स्वतःचा होता. त्याचा तिला भलताच अभिमान होता.

घाई करावीच लागायची. भद्रकालीतल्या त्यांच्या घराखाली खुर्शीदाचाचीची पिठाची गिरणी होती आणि ती फक्त दीड ते तीन बंद असायची.

"चाची, आज जरा लवकर बंद करा ना!" तेजस्विनीने शाळेतून येतानाच विनवलं होतं.

"अगं बेटा, बाजरीचे दोन डबे बाकी आहेत. लोकांनी रात्री काय तुझं गाणं खायचं?"

शेवटी पावणेदोनला गिरणी थांबली होती. आई ऑफिसात, बाबा घोटीला तांदळाच्या दुकानात. घरात तेजस्विनी एकटी. एकटीला घर फार मोठं होतं, दोन खोल्यांचं असूनसुद्धा.

पूर्वी याच वेळेला पायल असायची. समोरच्याच इमारतीत राहायची. सातवीच्या सुट्टीत दोघींनी एकाच आठवड्यात गिटार घेतल्या. क्लास वगैरे काही नाही, मोबाईलवर बघून बघून शिकायचं आणि बोटांना फोड आले की एकमेकींना दाखवायचे. जिचा फोड मोठा ती त्या दिवसाची उस्ताद! गायचं मात्र पायलने. ते पहिल्या दिवशीच ठरलं होतं. "तेजे, तू वाजव, मी गाते," असं पायल म्हणाली आणि तेजस्विनीने मान हलवली. आपला आवाज फाटका आहे असं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं, तरी ते तिला पक्कं माहीत होतं.

जूनमध्ये पायलच्या वडिलांची बदली पुण्याला झाली. जायच्या आदल्या दिवशी दोघींनी इन्स्टावर एक पेज उघडलं, 'पायल आणि तेजू'. आपलं पहिलं गाणं इथेच टाकायचं! तेजस्विनी गिटार वाजवून पाठवणार, पायल त्यावर दुसरी गिटार वाजवणार आणि गाणार. आता ऑक्टोबर उजाडला होता. पेजला अकरा फॉलोअर होते आणि पोस्ट एकही नव्हती. पायलचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी, मग कधीतरी. हे गाणं झालं की सगळं पुन्हा सुरळीत होईल, असं तेजस्विनीने मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. एकत्र करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं ना!

अठरावा टेक जमला. तो नतद्रष्ट एफ कॉर्डसुद्धा न खरखरता वाजला. ती खोलीभर नाचली, लगेच फाईल पुण्याला पाठवली आणि पुढचे चार दिवस वर्गात दप्तराच्या आत मोबाईल चोरून बघत राहिली. पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

"तेजे, भारी वाजवलंयस गं! पण एक लोच्या झालाय. तुझी गिटार चढलेली आहे."

"चढलेली म्हणजे?"

"म्हणजे सुरात नाहीये. सगळ्या तारा थोड्या थोड्या वर आहेत. मी माझी वाजवली त्यावर तर कसंतरीच ऐकू आलं. इथल्या गिटारच्या क्लासमध्ये सगळे हसले."

"तू क्लासमध्ये लावलंस?"

"अगं, सरांना विचारायला. ते म्हणाले, आपसात जुळलेली आहे, पण हा कुठला सूर धरलाय हिने?"

तेजस्विनीला एकदम हसूच आलं. "अगं, गिरणीचा!"

"कुठली गिरणी?"

तेजस्विनीचं हसू ओठांवरच राहिलं. सुरुवातीला त्यांच्याकडे गिटार लावायला मोबाईलवरचं ॲप होतं, पण खाली गिरणीची मोटर चालू असली की त्याचा काटा पिसाळल्यासारखा नाचायचा. तेव्हा पायलच म्हणाली होती, मरू दे ते, गिरणीवरच लावू. मोटरची घूंऽऽ दिवसभर एकाच सुरात. जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट दाबायचं, तार आणि घूंऽऽ एक झाले की झालं, मग बाकीच्या पाच तारा तिच्यावरून. गिरणी चालू असताना सूर लावायचा, बंद झाली की वाजवायचं. दोन वर्षं दोघींच्या गिटार अशाच लागत होत्या आणि एकमेकींशी अगदी बरोब्बर जुळत होत्या.

"हां हां, चाचीची!" पायलला पलीकडे आठवलं. "ए, आपण किती येड्या होतो ना!"

होतो. तेजस्विनी तर अजून तशीच येडी होती, फक्त आता एकटीच.

"मग तुझी थोडी वर चढव ना," ती म्हणाली. "एका गाण्यापुरती."

"नको गं, सरांनी लावून दिलीये. तूच ॲपवर लाव आणि परत पाठव. मी करते. नेक्स्ट वीक युनिट टेस्ट आहे, त्यानंतर. चल, जेवायला बोलावतायत."

दुसऱ्या दिवशी गिरणी थांबल्यावर तेजस्विनीने ॲप उघडलं आणि मुकाट्याने एकेक खुंटी उतरवली. अगदी केसभर उतरवावी लागली. काटा मधोमध आला, हिरवा झाला. तिने गाणं वाजवून बघितलं. चूक काहीच नव्हती. पण प्रत्येक कडव्याशी, जिथे पायलने गायचं, तिथे ती दर वेळी थांबत होती आणि तिथे कुणीच गात नव्हतं. युनिट टेस्टनंतर दिवाळीची सुट्टी, मग सहल, मग अजून काही. पायल खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वेळ नव्हता आणि तेजस्विनीकडे वेळच वेळ होता.

तीन वाजले. खाली मोटर सुरू झाली. तेजस्विनीने तारा परत होत्या तिथे चढवल्या आणि दुसऱ्या दिवशी पावणेदोनला, साड्यांवर मोबाईल ठेवून, दोन्ही कडवी स्वतः गायली.

आवाज पहिल्या ओळीला थरथरला. वरच्या जागेला चिरकला. तिने एकदाच रेकॉर्ड केलं, कारण पुन्हा ऐकलं तर धीर सुटला असता. नुसत्या गिटारचा फोटो लावून डोळे मिटून 'पायल आणि तेजू'वर टाकून दिलं आणि गणिताचं पुस्तक उघडून उलटंच धरून बसली.

संध्याकाळपर्यंत नऊ लाईक आले. वर्गातल्या सुवर्णाने लिहिलं, "तेजस्विनी, तू आणि गिटार??? सांगितलं का नाहीस!" आईने ऑफिसातूनच तीन टाळ्या पाठवल्या. तेजस्विनी एकीकडे खूश होत होती आणि एकीकडे प्रत्येक टिंग झालं की नाव बघत होती.

साडेसातला पायलचा मेसेज आला.

"एऽऽ कसलं भारी!! मस्त आवाज आहे. कोणी गायलंय? तुझी नवीन मैत्रीण?"

तेजस्विनीने ते दोनदा वाचलं. दोन वर्षं रोज शेजारी बसलेल्या पायलने तिला कधी गाताना ऐकलंच नव्हतं. ओळखणार तरी कशी? तिने 'ओळखलं नाहीस?' असं टाईप केलं आणि खोडलं.

शेवटी तिने एकच अक्षर पाठवलं.

"मी."