आतली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराच्या आतल्या बाजूची. बाहेरची कडी माझी थोरली बहीण. कुलूप मिरवायचा मान तिचा, म्हणून तिचा तोराही मोठा. माझ्या वाट्याला आले ते घरातले बोलणे आणि माणसांचे हात. पण हात ओळखावेत तर मीच.

लोहाराने मला तापवून ठोकले तेव्हा तो घाईत असावा, कारण मी एका अंगाला जराशी वाकडीच राहिले. मला नुसते उचलून भागत नाही. आधी दार पुढे रेटायचे, मग मला उचलायचे, तेव्हा कुठे मी कोयंड्यातून सुटते. सुतार म्हणाला, "दुसरी बसवून देतो." पण घरातल्या बाई म्हणाल्या, "असू दे. वाकडी आहे, पण चोराला हिची खोड कळायची नाही." त्या दिवशी मी मूठभर मांस चढल्यासारखी फुगले. लोखंडाला मांस कुठले, असे विचारू नका.

या बाई शिंप्यांसाठी काजेबटणे करून द्यायच्या. त्यांच्या उजव्या हाताचे बोट सुईने चाळण झालेले, खरखरीत. दिवसातून कितीदा तरी ते बोट मला लागायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा होता. डोळे घारे, म्हणून सगळी गल्ली त्याला घाऱ्या म्हणायची. वडील तो रांगत असतानाच गेले होते. मग त्या दोघांचे आणि माझे असे तिघांचे घर झाले.

त्या काळी आमच्या देशात शिकलेल्या मुलांना काम नव्हते. विजेचे खांब होते, तारा होत्या, फक्त वीज नव्हती. तसेच शाळा होत्या, निकाल होते, फक्त नोकऱ्या नव्हत्या. घाऱ्याला दूर परदेशात काम मिळाले. एका भर दुपारी तो बॅग घेऊन दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, जातो गं."

"जातो म्हणू नये रे," आई म्हणाली. "येतो म्हण."

"येतो."

"हां. आता नीघ."

मित्रांनो, आपल्याकडे सगळेच असे म्हणतात. भाजी आणायला निघालेलाही येतो म्हणतो. पण त्या माउलीने तो शब्द खराच धरला.

पुढे तिकडेच त्याचा संसार झाला. फोन येत राहिले, तो मात्र आला नाही. सुट्टी नाही, मुलांच्या शाळा, काही ना काही आडवे यायचे. आणि मग ते सुरू झाले. भर दुपारी गल्ली चिडीचूप असली की शिलाईच्या मशीनवर बसलेली आई एकदम मान वर करायची. "आले रे, आले," म्हणत दाराशी यायची, दार रेटून मला उचलायची. बाहेर फक्त ऊन असायचे. मी बहिणीला विचारले, "तुला कोणी वाजवले का गं?" ती म्हणाली, "शपथ, माझ्या अंगाला कोणाचे बोट लागले नाही." समोरचे इस्त्रीवाले काका मान खाली घालून कपड्यांवर पाणी शिंपडत राहायचे. आई पुन्हा मला अडकवून कामाला बसायची.

एका पावसाळ्यात आई वारली. घाऱ्याला वेळेवर पोचता आले नाही. शेजाऱ्यांनी तिला पोचवले, बाहेरून कुलूप लावले आणि किल्ली इस्त्रीवाल्या काकांकडे दिली. मी आत मोकळी लोंबत राहिले. आता आपल्याला कोण विचारणार, असे मनात आले आणि फार वाईट वाटले.

दुसऱ्याच दुपारी कोणीतरी मला उचलून कोयंड्यात अडकवले.

बोट तेच होते, खरखरीत, चाळण झालेले. फक्त त्याला ऊब नव्हती. मग रोज दुपारी मशीनजवळून "आले रे, आले" असे ऐकू यायचे, पावले वाजायची, आणि ते थंडगार बोट मला काढायचे. बाहेर कुलूप असल्यामुळे दार उघडायचे नाही. थोडा वेळ दाराशी कोणीतरी श्वास रोखून उभे राहायचे आणि मला पुन्हा अडकवायचे. मला भीती वाटायची, खोटे कशाला सांगू? पण ते बोट आले नसते, तर त्याहून जास्त वाटली असती.

इकडे देश भराभर वाढत होता. अंगाने वाढणाऱ्या पोराला सदरा आखूड व्हावा तशी मोठ्या रस्त्याला आमची गल्ली आखूड झाली. रुंदीकरणाची माणसे मोजमापाला आली. काकांनी कुलूप काढून दिले, पण दार ढिम्म हलेना.

"आतून कडी आहे," मुकादम म्हणाला. "आत कोण राहतं?"

"कोणी नाही," काका म्हणाले.

मुकादम दारापासून मागे सरला आणि त्याने उरलेले मोजमाप बाहेरूनच केले.

घर पाडायच्या आदल्या दिवशी घाऱ्या आला. केस पिकलेले, चष्मा लागलेला. शेवटचे बघून जावे एवढ्यासाठी तो आला होता. काकांनी सगळे सांगितले. तो कसनुसे हसला, कुलूप काढले, दार ढकलले. मी अडकलेलीच होते. मग त्याने माझ्या बहिणीला वाजवले.

"आले रे, आले."

त्याचा हात तिथेच थबकला. दार जरासे रेटले गेले, मी उचलली गेले, दार उघडले. आत कोणी नव्हते. सगळीकडे बोटभर धूळ होती, फक्त मशीनपासून दारापर्यंतची वाट लख्ख होती. घाऱ्या त्या वाटेवर पाय न ठेवता, भिंतीकडेने आत गेला. बराच वेळ खाली बसून राहिला. मशीनवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि निघाला. इतकी वर्षे परक्या भाषेत काढली, तरी तोंडाची सवय जाते कुठे? उंबरठ्यावर तो म्हणाला, "येतो गं आई."

त्याच्या पाठीमागे दार हळूच लागले आणि मी कोयंड्यात पडले.

तो आवाज काकांनीही ऐकला. "झालं," ते म्हणाले. "पुन्हा बसली ती वाट बघत. अरे, घर उद्या पाडणार. मग उभी कुठं राहील ती? वाट बघायलासुद्धा दार लागतं बाबा."

घाऱ्या उन्हातून मागे वळला. त्याने पुन्हा बाहेरची कडी वाजवली.

"आले रे, आले."

दार हातभर उघडले. आत बघायचे धाडस त्याला झाले नाही. उंबरठ्याकडे बघत तो म्हणाला, "आई, आता उठत जाऊ नकोस. माझं घर तिकडं झालंय. बायकामुलं तिकडं आहेत. मी परत नाही येणार." त्याचा आवाज फुटला. "आई, मी जातो."

बोट अजून माझ्यावरच होते.

"बरं," आतून आवाज आला. "सावकाश जा हं. ऊन आहे, डोक्यावर काहीतरी घे."

आणि बोट माझ्यावरून निघाले. कायमचे. घाऱ्याने खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला आणि मागे न बघता, लहान मुलासारखा रडत गल्लीबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी मजुरांनी नुसते बोट लावले आणि दार उघडले. आता मी भंगारवाल्याच्या टोपलीत पडून आहे. बहीण कुठे गेली, ठाऊक नाही. मित्रांनो, आम्हा कड्यांना वरचेवर तेलाचा थेंब द्या, एवढे मागणे आहे. आणि एक माणसांसाठी मागते. येतो म्हणालात, तर या. यायला जमणारच नसेल, तर तेही दाराशी उभे राहून तोंडाने सांगा. ऐकणारे माणूस रडेल, पण मग त्याला झोप लागेल.