मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ट्रेनिंगच्या गाडीत मास्तरांच्या बाजूच्या ब्रेकचं रबर मधोमध पार झिजलं होतं, खालचं लोखंड चकाकत होतं — आणि शेजारच्या, शिकणाऱ्याच्या पायाखालच्या ब्रेकवर मात्र रबराच्या रेघा कालच दुकानातून आणल्यासारख्या ठसठशीत… मास्तर वाकून बघत राहिले.

"मास्तर, गाडी शिकवता की स्वतःच चालवता?" गॅरेजवाला पाना पुसत हसला. "मागच्या वर्षापर्यंत असं नव्हतं हं. ह्या वर्षीच तुमचा पाय एवढा जड झालाय."

मास्तरही हसले. हसायला काय जातं? पण ते वाक्य डोक्यात घोंघावत राहिलं. ह्या वर्षी… ह्या वर्षी वेगळं काय होतं? शिकणारे तेच, घाबरट किंवा आगाऊ, आणि मास्तरही तेच — अगदी शेवटच्या घटकेपर्यंत पाय आवरून धरणारे, कारण एकदा छाती धडधडल्याशिवाय कुणी ब्रेक मारायला शिकत नाही हे तेच सगळ्यांना सांगत आले होते. ह्या वर्षी वेगळी होती ती फक्त त्यांची मुलगी. ह्या वर्षी त्यांनी तिला शिकवलं.

तिला गाडी नकोच होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिची नोकरी, दुपारी जायचं, अंधार पडल्यावर सुटायचं, आणि लॅबपासून बसथांब्यापर्यंत एक अरुंद गल्ली — त्या गल्लीत दोघांनी सुरी दाखवून तिची बॅग नेली. घरी आल्यावर घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "बॅगच गेली ना बाबा, मी तर आले." कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. ती झोपली. मास्तर मात्र जागे राहिले. तो त्यांनी कधीही न पाहिलेला हात, ती सुरी, तिच्या गळ्यापासून वीतभर… पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच गल्लीतून जायला निघाली तेव्हा ते दारातच उभे राहिले. "पोरीला कुलूपच लावा आता," बायको म्हणाली होती. कुलूप नाही लावलं त्यांनी, गाडी घेतली. जुनीच, पण काचा वर होतात, दारं आतून बंद होतात. मग महिनोन्‌महिने ह्या ट्रेनिंगच्या गाडीत तिच्या शेजारी बसून डावीकडे, हळू, आरसा बघ… मैदानावरच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास. मैदानावर समोर येणार तरी कोण होतं म्हणा!

बाहेर हॉर्न वाजला. ट्रेनिंगची गाडी गॅरेजमध्येच ठेवायची होती म्हणून ती त्यांना न्यायला आली होती, स्वतःची गाडी घेऊन. आज पहिल्यांदाच ती गाडीने एकटी कामावर जाणार होती. ते तिच्या शेजारी बसले. इथे त्यांच्या पायांपुढे ब्रेक नव्हता, नुसती मोकळी चटई.

ती छान चालवत होती. छानच. गाणं गुणगुणत होती, आणि मास्तरांना वाटलं, उगाच आपण… तेवढ्यात पाववाल्याच्या दुकानापुढे एक म्हातारा पिशवी सावरत रस्त्यात उतरला. मास्तरांचा पाय चटईवर जोरात आपटला. काहीच झालं नाही. गाडी जात राहिली, गाणंही चालूच राहिलं, आणि म्हाताऱ्याचे डोळे काचेत मोठे होत गेले — मग कुठे तिने ब्रेक मारला. गाडी त्याच्या पिशवीला जवळजवळ टेकून थांबली. म्हातारा शिव्या घालत निघून गेला.

"थांबली ना?" ती म्हणाली. स्टिअरिंग घट्ट धरूनच ती हसली. "तुम्ही शेजारी असलात की थांबतेच बघा गाडी."

मास्तरांनी चटईवरचा पाय मागे घेतला.

म्हणजे त्या साऱ्या महिन्यांत तिने एकदाही गाडी थांबवली नव्हती. थांबवत होते ते. परक्या पोरांना धडधडू देणारा हा माणूस पोटच्या पोरीच्या वेळी दर खेपेला अर्धा क्षण आधी पाय दाबत होता, तिला कळूही न देता… आणि तिला वाटत होतं, समोर काही आलं की गाडी अशीच, आपोआप, सावकाश थांबते. सुरीवाल्याला निदान काहीतरी हवं तरी असतं. बॅग दिली की तो निघून जातो. ट्रकला काय देणार? आयुष्य रस्त्यावर काढलं, किती चेपलेल्या गाड्या पाहिल्या, दोन विद्यार्थी अपघातात गेले — आणि तरी भीती वाटली ती गल्लीची, कारण गल्लीतल्या भीतीला चेहरा होता. आगीतून काढून स्वतःच्या हातांनी फुफाट्यात घातली मी तिला. मीच. ह्या पायाने.

घरी पोचल्यावर ती डबा भरायला आत गेली, आणि मास्तर चपला न काढताच खुर्चीवर बसले. सांगायचं कसं? सांगितलं तर ती म्हणेल, मग चालत जाते, गल्लीतून. नाही सांगितलं तर… धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रोज शेजारी बसून जावं का? किती वर्षं? ह्या विचाराने त्यांना क्षणभर हायसंसुद्धा वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

ती बाहेर आली. त्यांनी सांगून टाकलं. सगळं, अडखळत, तिच्याकडे न बघता.

ती डब्याचं झाकण घट्ट करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला गाडी येतच नाही."

"येते. थांबवता येत नाही."

"ते वेगळं असतं होय?" ती चिडली होती, डोळे भरले होते. "इतके महिने मी खुश होत होते, बाबा. आईला सांगत होते, मला आता कशाची भीती वाटत नाही म्हणून… मग आता काय करू? सांगा ना. तुम्हीच सांगता नेहमी."

जन्मभर लोकांना डावं-उजवं सांगत आलेल्या ह्या माणसाने सूचना द्यायलाच तोंड उघडलं होतं. त्याऐवजी, कसं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "तुला… तुला कशाची भीती वाटते?"

बॅग गेली त्या रात्रीनंतर हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

ती चमकली. हातातला डबा तिने टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत खरोखरच विचार करू लागली. तिच्या वतीने उत्तर देण्याची घाई त्यांच्या जिभेवर आली होती, ती त्यांनी गिळली. गल्ली बाजूला राहिली, रस्ताही बाजूला राहिला. आता ती जे काय म्हणेल, त्याचीच त्यांना भीती वाटत होती.