तक्त्यातले आठ मीटर

आजचा पुराचा सराव बिनबोभाट पार पडला, तर नदीची पातळी मोजणाऱ्या मोजणीदाराला लेकीच्या गावी बदली मिळणार होती. राष्ट्रीय आपत्ती संस्थेचे साहेब संध्याकाळी शिफारशीवर सही करणार होते. त्याबदल्यात काम काय, तर संस्थेने दिलेल्या तक्त्यातला आकडा दर अर्ध्या तासाने वायरलेसवर वाचायचा. अकराला सात मीटर, साडेअकराला आठ. खऱ्या नदीला आज कोणी विचारत नव्हतं.

पण एकवीस वर्षांची सवय. साडेअकराला त्याने पुलाखालच्या पट्टीकडे पाहिलंच. सकाळी पातळी पाच मीटर होती. आता आठ पूर्णांक चार.

आभाळ तर कोरडं ठणठणीत. संस्थेने सरावासाठी धरणातून खरंच पाणी सोडलं की काय? एवढी मोठी संस्था, तिला काय अशक्य!

"सराव, सराव. पातळी आठ पूर्णांक चार."

"तक्त्यात आठ आहे, काका," पलीकडची ऑपरेटर म्हणाली. "पदरचं कशाला घालताय?"

"पदरचं नाही हो ताई, पट्टीवर दिसतंय."

"सरावातल्या पट्टीवर?"

"पट्टी एकच आहे."

"थांबा, साहेबांना विचारते." खरखर झाली. "साहेब म्हणतात, उत्साह चांगलाय, पण तक्ता सोडू नका. मंत्री बघतायत."

खाली घाटावर वस्तीतले चाळीसजण पूरग्रस्त झाले होते. मोजणीदाराची बायको जखमी क्रमांक तीन; सकाळपासून घसा फोडून विव्हळत होती. अगदी खालच्या पायरीवर शिंपी, मृत क्रमांक एक. स्ट्रेचर येईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही, असं साहेबांनी बजावलेलं. शिंपी सांगितल्या मापात काम करणारा माणूस. आजूबाजूचे "नातेवाईक" तासभर त्याच्या नावाने "अहो, उठा हो!" म्हणून टाहो फोडत होते, तेही संस्थेनेच लिहून दिलं होतं.

खरा धोका दिसला तर तीनदा "सराव नाही" म्हणायचं, की सगळं थांबतं, हे पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर होतं. मोजणीदाराला पाठ होतं. हे चुकून म्हटलं तर बदली गेली, हे मात्र न लिहिताच पाठ होतं. त्याने चष्मा पुसला. खाली उतरून पट्टी जवळून पाहिली. वर आला. पुन्हा उतरला. मग बोलला.

"सराव नाही. सराव नाही. सराव नाही."

संस्थेला नावं ठेवायला जागा नव्हती. होड्या काठाला तयार, दोर बांधलेले, जवान कमरेला पट्टे आवळून उभे. नऊ मिनिटांत एकोणचाळीस माणसं वर आली. जखमी क्रमांक तीन तर कोणाची वाट न बघता शिव्या देत स्वतःच पळत चढली. शिंप्याला सगळे ओरडले, "अहो, उठा हो!" त्याला ते नवीन नव्हतं. जवान त्याला उचलायला खाली पोचण्याआधीच पाणी आलं, ते एका लोंढ्यात आलं.

चौकशीत निघालं, की वरच्या धरणाचा दरवाजा बिघडून उघडाच राहिला होता. अहवालात संस्थेच्या तत्परतेवर दीड पान होतं. 'धोका निदर्शनास आला: अकरा बेचाळीस' असं मोजणीदाराने लिहून दिलं. बदलीचा हुकूम पंधरवड्यात आला.

मोजणीदाराच्या घरी सामान बांधणं चालू असताना शिंप्याची बायको दारात आली. हातात कागदात गुंडाळलेला शर्ट.

"यांनी बेतून ठेवला होता. बाह्या मी लावल्यात. बघा घालून, भाऊजी."

"असू दे वहिनी. बसा."

"बसत नाही. एकच विचारायचंय. अहवालात अकरा बेचाळीस लिहिलंय. पाणी तुम्हाला कधी दिसलं?"

मोजणीदाराची बायको दोरी आवळायची थांबली. मोजणीदाराने तिच्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे.

"साडेअकराला."

शिंप्याच्या बायकोने बोटांच्या पेरांवर मोजलं, सावकाश, चुकू नये म्हणून पुन्हा एकदा.

"बारा मिनिटं," ती म्हणाली. "घाट चढायला यांना दोन लागायची."

शर्ट ट्रंकेवर ठेवून ती गेली. संस्थेला शाबासकी मिळाली, मोजणीदाराला लेकीचं गाव. बारा मिनिटं तेवढी शिंप्याच्या खात्यातून गेली.