आवक क्रमांक

"मत नाही, तर पट्टी नाही," औषधाच्या दुकानदाराने टेबलावर थाप मारून सांगितलं, आणि शाळेच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या रांगेत खांबाच्या आडोशाला बसलेल्या पावतीबाईंनी टाळी वाजवली नाही. पालिकेत घरपट्टीच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं बसून त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. नगरसेवकांची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. निवडणूक तीनदा पुढे ढकलली गेली आणि सगळा कारभार प्रशासक म्हणून आलेल्या साहेबांच्या हाती गेला. रस्त्यावरचा दिवा गेला तर सांगायचं कोणाला, हेही लोकांना कळेनासं झालं होतं. म्हणून ही सभा.

"बाई आल्यात ना? त्यांनाच विचारू," दुकानदार म्हणाला. "बाई, आम्ही पट्टी थांबवली तर साहेबांना घाम फुटेल की नाही?"

नोकरीतल्या माणसाने अशा सभेत तोंड उघडू नये, हे बाईंना ठाऊक होतं. पण नाव घेऊन विचारल्यावर खाली मान घालून बसणं त्यांना जमलं नाही. त्या उठल्या.

"साहेबांचा पगार वरून येतो. तुमच्या पट्टीतून झाडणाऱ्यांचा निघतो, पाणी सोडणाऱ्यांचा निघतो. घाम फुटलाच तर त्यांना फुटेल."

सभागृहात चुळबुळ झाली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून बाईंची लेक उठली. ती इस्पितळात नर्स होती. कामाची पाळी संपवून तशीच गणवेशात आली होती.

"मग काय करायचं, आई? पट्टीही भरायची आणि तोंडही शिवून घ्यायचं? मी मतदार होऊन सहा वर्षं झाली. आपल्या वॉर्डासाठी अजून एकदाही मत दिलेलं नाही."

 बाई खाली बसल्या. चारचौघांत पोटच्या पोरीने निरुत्तर केलं, याचा राग यायला हवा होता. पण पोरगी ताठ उभी राहून बोलली, एकाही शब्दाला अडखळली नाही, हेच घरी पोचेपर्यंत मनात घोळत राहिलं.

सकाळी चहाचे दोन कप टेबलावर आले. बाईंनीच सुरुवात केली.

"काल तू बोललीस ते खोटं नाही. पण पट्टी थांबवली की तुम्ही थकबाकीदार. थकबाकीदाराचं कोण ऐकून घेतं? नोटीस तेवढी घरी येते."

"मग?"

"पट्टी भरा, आणि त्याच खिडकीत अर्ज द्या. निवडणूक कधी घेणार, एवढं एकच विचारा. खिडकीत आलेल्या प्रत्येक अर्जावर शिक्का मारून आवक क्रमांक द्यावा लागतो. एकदा क्रमांक पडला की तो कागद दप्तरी लागला. मग तो आलाच नव्हता असं कोणाच्या बापाला म्हणता येत नाही."

"आणि हजार लोकांनी दिले तर?"

"तर हजार शिक्के मारीन. त्याचाच पगार घेते मी."

लेकीने अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला घालून बाहेर पडली. घरोघर फिरायला तिला चार दिवस लागले.

सोमवारी खिडकी उघडली तेव्हा रांग पायऱ्या उतरून सायकलींच्या छपरापर्यंत गेली होती. एका हातात पट्टीचं बिल, दुसऱ्या हातात वहीचा फाडलेला कागद. कोणाचं अक्षर मोत्यासारखं, कोणाचं कोंबडीचे पाय. एका आजोबांनी अर्जात निवडणुकीसोबत आपल्या गुडघ्याचंही लिहिलं होतं. बाईंनी तोही घेतला. पावती, शिक्का, क्रमांक, पुढचा. मनगट भरून आलं, पण हात थांबला नाही.

अकराच्या सुमाराला साहेब खाली आले. वयाने ते बाईंच्या धाकट्या भावाएवढे होते.

"बाई, पैसे घ्या, पावती द्या. अर्ज घेऊ नका."

"तसा लेखी आदेश द्या, साहेब. फायलीला लावते."

साहेबांनी रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "निवृत्तीला दीड वर्ष उरलंय तुमच्या. नसती भानगड कशाला गळ्यात घेता?"

"भानगड कसली? खिडकीचं काम आहे हे."

साहेब निघून गेले. लेखी काही आलं नाही. बाईंनी शिक्का पुन्हा शाईवर टेकवला.

थोड्या वेळाने औषधाचा दुकानदार समोर आला. "तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही, बाई. मी पट्टी भरणार नाही. नुसता अर्ज देतोय."

"द्या की. अर्जाला पट्टीची अट नाही," बाई म्हणाल्या. "फक्त तुमच्या मागे चौथा उभा आहे तो तुमच्या गल्लीत झाडतो. त्यालाही जाता जाता सांगा."

दुकानदाराने क्रमांक घेतला आणि मागे न बघता पायऱ्या उतरला.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी खिडकी सहकारी कारकुनाकडे दिली, पिशवीतून स्वतःचं बिल आणि दुमडलेला कागद काढला, आणि वळसा घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही पुढे व्हा," एकदोघे म्हणाले.

"नंबर सोडून कशी येऊ?"

डबा तसाच राहिला. एकोणतीस वर्षांत त्यांनी ती खिडकी बाहेरून कधी पाहिली नव्हती. केवढीशी होती ती, आणि वाकावं लागत होतं. कारकुनाने कागद ओढून घेतला, सही बघितली आणि मान वर केली.

"बाई, तुम्ही?"

"मीपण इथलीच मतदार आहे."

त्याने शिक्का मारला. दोनशे सतरा.

संध्याकाळी पाच वाजता शिपायाने लिफाफा आणून दिला. पावतीबाईंची बदली तळघरातल्या जुन्या दप्तराच्या खोलीत झाली होती. हा आदेश मात्र लेखी होता, सहीनिशी. बाईंनी तो दोनदा वाचला आणि पोच दिली. खिडकीचा ताबा सोपवताना शेवटचा आवक क्रमांक अंकांत लिहिला, मग अक्षरांत, आणि खाली रेघ ओढली. फाटकाशी लेक उभी होती. तिला लिफाफा दाखवल्यावर तिचे डोळे भरले.

"माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळे झालं असतं तर तुझी बदली झाली असती," बाई म्हणाल्या. "चल, भूक लागलीय."

आठ दिवस गेले. निवडणुकीची तारीख काही लागली नाही. जिल्ह्याच्या कचेरीतून एक पत्र तेवढं आलं: आलेले सर्व अर्ज क्रमांकानुसार पाठवावेत. ही बातमी शिपायाने तळघरात येऊन हळूच सांगितली. बाईंनी "बरं" म्हटलं आणि कपाटावरची धूळ झटकायला घेतली.

खोलीला खिडकी नव्हती. पण डोक्यावरच पट्टीचा विभाग होता आणि जुनी लाकडी जमीन आवाज लपवत नव्हती. एक पाऊल पुढे, थांबणं. पुन्हा एक पाऊल. बाई फडकं हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या. आठव्या दिवशीही वरची रांग पुढे सरकत होती.