उभ्या गाडीचं पेट्रोल

मी गाडी बोलतेय. उभ्याउभ्या बोलतेय, ही माझी पहिली तक्रार समजा. आमच्या जातीला उभं राहणं सोसत नाही. दोन दिवस उभं ठेवलं की बॅटरी कुरकुरते, चार दिवसांनी टायर बसतात, आठवड्यानं बॉनेटखाली उंदीर बिऱ्हाड करतात. माणसं मात्र आयुष्यभर एका खुर्चीत बसून निवृत्त होतात, आणि वर त्यांना पेन्शन मिळते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्याच पांढऱ्या शेकडो जणी जन्मल्या असतील, त्यामुळे नाव ठेवायची कुणाला सवड झाली नाही, नंबर मिळाला. पहिली सहा वर्षं नागपुरात एका दातांच्या डॉक्टरकडे काढली. त्यांनी मला घरापासून दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्यापासून घरापर्यंत फिरवलं आणि मोठी गाडी घेताना विकून टाकलं. मला घेतलं शहापूरच्या निकेशनं. दसऱ्याच्या दिवशी त्याच्या आईनं, पुष्पाबाईंनी, माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. वडील भय्याजी हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत होते, "डॉक्टरची गाडी आहे, बाप्पा!" जणू मी आता गावाचे दात काढणार होते.

मला आणलं होतं ते सुनेसाठी. निकेशची बायको तृप्ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा सिहोऱ्यापलीकडच्या एका खेड्यात. शहापूरहून निघायचं, भंडारा, वरठी, मोहाडी, तुमसर, सिहोरा आणि वर आणखी काही किलोमीटर. जाऊन येऊन शंभराच्या पुढे. नियमानं शिक्षकानं शाळेच्या गावी राहायचं असतं. त्याला मुख्यालयी राहणं म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक जण घरून रोज जाणं-येणं करतात. त्याला अप-डाउन म्हणतात. नियम कागदावर राहतो, गुरुजी घरी राहतात, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही.

तृप्तीच्या अप-डाउनला कारण होतं. कारणाचं नाव रेणू, वय सात. रात्री मुलगी आपल्या कुशीत झोपली पाहिजे, एवढाच तृप्तीचा हट्ट. रेणूची शाळा भंडाऱ्याची, इंग्रजी माध्यमाची, टाय लावायची. तिला घेऊन खेड्यात राहायचा विचारही घरात कुणी केला नव्हता. आपण शिकवतो ती सोडून इतर सगळ्या शाळा आपल्या लेकरांसाठी चांगल्या, असा गुरुजनांत एक जुना समज आहे.

सुरुवातीला माझ्यात चौघं असत. तृप्ती चालवायची, शेजारी चंद्रकांता मॅडम, मागे इश्वर सर आणि एक ग्रामसेवक. पेट्रोल वर्गणीनं. माझ्या मागच्या सीटवर जेवढा महागाई भत्ता मोजला गेला, तेवढा कोषागारातही मोजला गेला नसेल. मजेत दिवस चालले होते. मग पेट्रोलनं शंभरी ओलांडली.

एरवी शंभरी गाठणाऱ्याचा सत्कार करतात. इथं तसं कुणाला सुचलं नाही. पहिल्यांदा माझा एसी बंद झाला. मग उतार आला की मला न्यूट्रलमध्ये सोडून देऊ लागले. पंपावर "दोनशेचं नको, दोनशे दहाचं टाक" सुरू झालं, कारण गोल आकड्यावर मशीन माप मारते अशी पक्की खबर होती. पेट्रोल पडत असताना इश्वर सर उतरून मला दोन्ही हातांनी गदागदा हलवत. दोन घोट जास्त बसतात म्हणे. हा माणूस विज्ञान शिकवायचा.

पुढे एकेक सीट रिकामी होत गेली. ग्रामसेवकाची बदली झाली. चंद्रकांता मॅडमनं तुमसरला खोली केली. मुलं पुण्याला, घरी वाट पाहणारं कुणी नाही, मग रोज परत यायचं कुणासाठी? इश्वर सरांनी बॅटरीची स्कूटर घेतली. आता ते शाळेत पोचले की आधी स्कूटरचं चार्जर लावतात, मग प्रार्थना. प्रत्येक जण उतरला तसा उरलेल्यांचा वाटा वाढला. शेवटी सगळा वाटा तृप्तीचा आणि रिकाम्या सीटा माझ्या.

निकेशची कुरकुर सुरू झाली. "अर्धा पगार गाडीच पेऊन राहिली. विकून टाकू."

"आणि मी कायनं जाऊ? दोन बस बदलून पोचेपर्यंत तिकडे शाळा सुटते."

"मंग खोली कर तिथं."

"तुम्ही निजवाल का रेणूले? पाच मिनिटांत तुम्हीच झोपता, मंग पोरगी तुम्हाले पांघरूण घालते."

हे संभाषण मी महिन्यातून चार वेळा ऐकत असे. प्रत्येक वेळी मला वाटे, उद्या गिऱ्हाईक येणार. चालले तर खर्च, थांबले तर गंज, अशा कात्रीत कुणाला स्वस्थ झोप लागेल?

त्यात वरून पत्र आलं. अप-डाउन करणाऱ्यांची तपासणी होणार. तृप्तीला एकदा उशीर झाला होता, त्याची नोंद झाली होती. पुन्हा सापडली तर मुख्यालयी राहण्याचं हमीपत्र लिहून द्यायचं, नाहीतर कारवाई. तृप्तीनं ते पत्र माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं आणि घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं.

आता माझ्या एका व्यंगाबद्दल सांगितलं पाहिजे. माझा पेट्रोलचा काटा तीन वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला. टाकी भरा नाहीतर कोरडी ठेवा, तो आपला अर्ध्यावर. दुरुस्ती दर महिन्याला पुढच्या महिन्यावर जात होती. तृप्तीनं किलोमीटरवर हिशेब बसवला होता. शनिवारी परतताना तुमसरला पेट्रोल भरायचं. ते घरी येऊन, सोमवारी शाळा करून, पुन्हा तुमसरच्या पंपापर्यंत पुरायचं. वर अर्धा लिटर शिल्लक. हा हिशेब कधी चुकला नाही, कारण रविवारी मला कुणी हात लावत नसे.

रेणू तेवढी रविवारी मागच्या सीटवर येऊन बसायची. आई काचा पुसायची आणि ही प्रश्न विचारायची.

"मम्मी, मी तुझ्याच शाळेत काहून नाही येत?"

"तुझी शाळा चांगली आहे नं, बेटा."

"मंग तुझी खराब आहे का?"

तृप्तीनं पुसलेलीच काच पुन्हा पुसली.

ऑक्टोबरातला एक रविवार. धान लोंबीवर आलेलं, वारा बंद, उकाडा असा की माझं छप्पर शिजत होतं. तृप्ती रेणूला घेऊन माहेरी आसगावला गेली होती, बसनं. पेट्रोल शाळेसाठी राखून ठेवलेलं. निकेश भंडाऱ्याला दुकानावर. शहापूर पडलं हायवेवर, तिथं पाहुणे कळवून येत नाहीत. दिसलं गाव, वळवली गाडी. तसे दुपारी गोंदियाकडचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. निकेशच्या बहिणीला, रीताला पाहायला.

ते बसले आणि लाइन गेली.

भय्याजींनी आधी पुठ्ठ्यानं वारा घातला. मुलाचे वडील रुमालानं मान पुसू लागले. मामा म्हणाले, "निघतो जी आम्ही, पुन्हा कधी येऊ." दोन वर्षांत तिसरं स्थळ उठून चाललेलं पाहून भय्याजींना एकाएकी मी आठवले.

"अजी, चला, गाडीत बसा! एसी आहे नं आपल्याकडे!"

देवाजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढून आणली. भय्याजींना मला चालवता येत नाही, चालू मात्र करता येतं. दोन वर्षांत ज्या एसीला तृप्तीनं बोट लावलं नव्हतं, तो सुरू झाला. मलाच नवल वाटलं. पाहुणे आत बसले, काचा चढल्या, आणि अंगणात जागच्या जागी उभ्या गाडीत मुलगी पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. रीता पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि चारी दारं बंद पाहून कोणत्या काचेवर टकटक करावं या विचारात पडली. मुलानं काच चार बोटं खाली केली. दोघांनी एकमेकांना तेवढ्या फटीतून पाहिलं आणि दोघंही हसली. मी बरेच प्रवास घडवले, पण न हालता दोन माणसांना इतकं जवळ आणल्याचा हा एकच.

वीस मिनिटांत लाइन आली. घरातला पंखा फिरताना दिसत होता. उतरायचं नाव कुणी काढलं नाही. मुलाचे वडील सीट मागे टाकून म्हणाले, "घर चांगलं आहे." त्यांनी घराच्या आत दहा मिनिटंसुद्धा काढली नव्हती. दीड तास माझं इंजिन घुरघुरत राहिलं. माझा जीव नुसता तडफडत होता: पाय जागेवर आणि छाती धावतेय. उतरताना पाहुण्यांनी होकार दिला.

संध्याकाळी तृप्ती आली. पेढे, हसणं, रीताची चेष्टा. एसीबद्दल भय्याजी बोलले नाहीत. पुष्पाबाईंना वाटलं, यांनी सांगितलं असेल. माझा काटा नेहमीप्रमाणे अर्ध्यावर.

सोमवारी सिहोरा मागे पडलं आणि माझ्या घशाला कोरड पडली. दोन आचके दिले आणि धानाच्या बांधालगत मी उभी राहिले. तृप्तीनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. किलोमीटर पाहिले, बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. तिचा आकडा बरोबर होता. तेवढ्यात मागून आवाज न करता इश्वर सर आले.

"मॅडम, काय झालं?"

"पेट्रोल संपलं सर. असं होऊच शकत नाही. मले सोडून द्या शाळेपर्यंत."

सरांनी स्कूटरच्या पडद्याकडे पाहिलं. "रात्री लाइन नव्हती नं, चार्जिंग पुरी झाली नाही. डबल सीट नेली तर दोघंही इथंच राहू. मी पुढे जाऊन सांगतो." आणि गेले. मला हलवून पाहायचं मात्र त्यांना या वेळी सुचलं नाही.

ती बांधाबांधानं चालत निघाली. दुपारी एका शेतकऱ्याच्या मोटरसायकलवर बाटलीत पेट्रोल घेऊन आली तेव्हा चेहरा उतरला होता. माझ्यात बसून तिनं निकेशला फोन केला. तपासणीचे साहेब साडेदहालाच येऊन बसले होते. हमीपत्र लिहून दिलं. पुढच्या सोमवारपासून मुख्यालयी. एवढं सांगितलं आणि फोन बंद केल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. हॉर्न वाजला. मी मुद्दाम नाही वाजवला.

रात्री अंगणात पंचायत बसली. "चोरलं असेल कोणी पेट्रोल," निकेश म्हणाला. तेव्हा भय्याजींनी घसा साफ केला.

"काल पाहुण्याइले थोडं गाडीत बसवलं होतं."

"थोडं म्हणजे?" तृप्तीनं विचारलं.

"घंटा... दीड घंटा. एसीत. पण गाडी तर उभीच होती, बाई! चालली कुठं?"

पुष्पाबाई उसळल्या. "तुमचा पाण्याचा इंजिन का बांधावरून धावते का? तोही उभाच राहून डिझेल पेते नं! चाळीस वर्षं धान केलं, अन् एवढं नाही समजत?"

भय्याजी माझ्याकडे पाहत राहिले. मी पेलेलं तर होतंच.

"आता गाडीचं कामच नाही राहिलं," निकेश म्हणाला. "मी उद्या गिऱ्हाईक पाहतो."

तृप्ती उठली आणि माझ्यात येऊन बसली. मागचं दार उघडलं. रेणू.

"मम्मी, तू तिथं राहाशीन?"

"हो."

"आता तरी येऊ का तुझ्या शाळेत?"

इतके महिने हा प्रश्न माझ्या मागच्या सीटवर पडून होता. पेट्रोलचा, बसचा, स्कूटरचा, खोलीचा, सगळ्यांचा विचार झाला. या एका प्रश्नाचा तेवढा राहिला होता. तृप्ती मागे वळली. "टाय नाही तिथं," ती म्हणाली.

"मले टोचतेच तो."

पुढच्या सोमवारी माझ्यात गाद्या भरल्या, शेगडी भरली, रेणूचं दप्तर भरलं. भय्याजी दाराशी आडवे आले. "बाई, चुकी माही. लेकरू घेऊन जाऊन मले काहून सजा देतं?"

"सजा नाही, मामाजी," तृप्ती सासऱ्यांना म्हणाली. "तिनं कधीचं विचारलं होतं, मीच ऐकलं नाही."

"अन् गाडी?"

"ते तुम्ही बापलेक ठरवा."

भय्याजींनी ठरवलं. निकेशनं आणलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. "शनिवारी पोरगी कायनं येईन मंग?" एवढाच त्यांचा मुद्दा होता आणि तो कुणाला खोडता आला नाही. रीताच्या लग्नाच्या धामधुमीतही त्यांनी माझा काटा स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला.

तर अशी माझी आजची स्थिती. रोज शंभर किलोमीटर धावायचे, आता आठवड्याला शंभर. पाच दिवस शाळेच्या गावात भाड्याच्या खोलीसमोर चिंचेखाली उभी असते, अंगावर पाखरांची कृपा. समोरून तृप्ती आणि रेणू पायी शाळेत जातात. रस्ता दिसला की माझे टायर शिवशिवतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी सुटते. वरठी, भंडारा मागे टाकून शहापूरच्या वळणावर येते, तर भय्याजी तासभर आधीच हायवेला येऊन उभे असतात. त्यांनी आधी नातीला घ्यावं की आधी काटा पाहावा, हे त्यांचं त्यांनाच कळत नाही.

वाचकहो, पेट्रोल आणखी चढेल. मला विकायचा विषय पुन्हा निघेल. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एकच विनंती आहे. सोमवारी पहाटे तृप्ती किल्ली फिरवते तेव्हा मी लगेच चालू होत नाही. तीनदा खोकते. तेवढ्यात भय्याजी काचेतून हात घालून रेणूच्या केसांवरून फिरवून घेतात. टाकी भरलेली असते, बॅटरी ठीक असते, आणि निघायची घाई तर या अंगणात सगळ्यांत जास्त मलाच असते.

तेवढ्यासाठी कुणी मेकॅनिकला बोलावू नये.