पंधरावी पट्टी

वागिमानने पांढऱ्या चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा दातांनी तोडला, चौदाव्या चॅनेलखाली लावून अंगठ्याने दाबला आणि त्यावर गोल, बारीक अक्षरांत लिहिलं : निंग्रुम. मग तो पंधराव्याकडे आला आणि पेन हातातच राहिलं.

बावीस वर्षांत त्याने मंडळाच्या या साऊंड मिक्सरवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. ढोल कुठला, रबाब कुठला, गोष्ट सांगत बाहुल्या नाचवणाऱ्या दालांगचा माईक कुठला, सगळं बोटांना पाठ. पण उद्या त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि परवाच्या खेळाला सोलो शहरातून बायू नावाचा नवा माणूस येणार होता. तुझं डोकं काही मिक्सरला जोडून ठेवता येत नाही, तेव्हा सगळं नीट लिहून ठेव, असं दालांगने बजावलं होतं.

सगळं लिहून झालं होतं. उरला पंधरावा. तो रुबिनेम यांचा, मंडळाच्या थोरल्या गायिकेचा; सगळे त्यांना आदराने ‘बु’, म्हणजे बाई, म्हणत. चाळीस वर्षं त्या गात आल्या, पण गेल्या तीन वर्षांत वरच्या सुराला त्यांचा आवाज फाटायला लागला होता. तो सूर आला रे आला की वागिमान पंधरावा हळूच खाली ओढी आणि शेजारी बसून तेच गाणाऱ्या निंग्रुमचा चौदावा वर चढवी. लोक म्हणत, काय हो बुंचा आवाज, या वयातही खणखणीत! वागिमानने ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

आता पट्टीवर लिहावं तर बु वाचणार. लिहू नये तर बायू इमानेइतबारे पंधरावा उघडा ठेवणार आणि अख्ख्या गावासमोर बाईंची शोभा होणार. बरं, बायूला गुपचूप फोन करावा, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं ऐकलेलं.

तेवढ्यात बु रुबिनेमच तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन आल्या. बशी ढोलावर ठेवली, चष्मा लावला आणि पट्ट्या एकेक करून वाचत गेल्या. वागिमानला त्या धाकट्या भावासारखं ‘दिक’ म्हणत.

“सगळ्यांची नावं मोत्यासारखी काढलीस, दिक. माझीच पट्टी कोरी का?”

“शाई संपत आलीय, बु.”

त्यांनी पेन घेतलं, तळहातावर रेघ ओढली. चांगली जाड उमटली.

“खोटं बोललास की तुझे कान लाल होतात,” त्या म्हणाल्या. “वरचा सूर आला की मला खाली ओढतोस, ते कसं लिहायचं, हीच पंचाईत ना?”

वागिमानला मान वर करवेना. कधीपासून ठाऊक आहे, एवढंच त्याने कसंबसं विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. माझ्या पुढ्यातल्या स्पीकरमधून माझाच आवाज गेला की रे. घरी जाऊन रडले, तुझ्या नावाने बोटं मोडली. पुढच्या खेळाला पुन्हा तेच. मग म्हटलं, हा एवढं सांभाळतोय तर मी घसा कशाला फोडू? तेव्हापासून तिथे नुसते ओठ हलवते.”

“म्हणजे तीन वर्षं मी...”

“काहीच नसलेलं खाली ओढत होतास. पण मन लावून ओढायचास हं.”

वागिमानला हसू आवरेना. पोटात कळ आली, एका हाताने त्याने ती दाबून धरली आणि तरी हसतच राहिला. तीन वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. बुंनी त्याच्या हातात केळं दिलं आणि सांगितलं, की परवा तो सूर निंग्रुम एकटीच घेणार आहे, तिला तसं सकाळीच सांगून झालंय. तिच्या गळ्याची वाहवा आपण किती दिवस खायची?

“आणि तुम्ही?” त्याने विचारलं.

“मला खालचे सूर आहेत की. अजून घट्ट आहेत.”

त्याने बोटं पुसली आणि पट्टीवर लिहिलं : रुबिनेम. जरा थांबून त्याखाली लिहिलं : दाबू नये.

बु वाकल्या, वाचलं.

“जरा ठळक कर,” त्या म्हणाल्या.